२४ डिसेंबर ते २४ मार्च: सोलापुरात एचआयव्हीची चाचणी करून घेताना

एचआयव्हीची चाचणी म्हणजे दंडाला पट्टा बांधून रक्त काढणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. रक्त काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. खरी धाकधूक त्याच्या आधीची आणि नंतरची. कधी जायचं, कुठं जायचं, काय विचारतील, कागदावर काय लिहून येईल आणि त्या कागदावर किती भरवसा ठेवायचा? तीन महिन्यांत तीन खेपा घातल्यावर मला हे कळलं. कशामुळे जावं लागलं ते सांगत बसत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि त्यामुळे चाचणीची पद्धत काही बदलत नाही. तारीख मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. माझी तारीख होती २४ डिसेंबर.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती मला फार उशिरा समजली. धोका झाल्यापासून ७२ तासांच्या आत असाल तर चाचणीची वाट बघत थांबायचं नसतं, डॉक्टरांकडे जाऊन पीईपी विचारायचं असतं. विषाणू शरीरात पक्का बसू नये म्हणून २८ दिवस घ्यायच्या गोळ्यांना पीईपी म्हणतात. पहिल्या काही तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगलं, ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग धरत नाहीत. माझ्या बाबतीत ती मुदत २७ डिसेंबरच्या रात्री संपली. मध्ये नाताळची सुट्टी होती. ओपीडी बंद असणार, सुट्टी झाल्यावर बघू, असं मनाशी म्हणण्यातच ते तास गेले. ओपीडीला सुट्टी असली तरी मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतो, तिथं जाऊन विचारता येतं. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तींना या गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळतात. बाकीच्या प्रसंगांत डॉक्टर धोका किती ते पाहून ठरवतात आणि गोळ्या बाहेरून विकत घ्याव्या लागू शकतात. पण विचारायला जायचं ते त्याच दिवशी.

पहिली खेप ९ जानेवारीला, शुक्रवारी. म्हणजे सोळाव्या दिवशी. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची तयारी सुरू झालेली, होम मैदानाकडे मोठमोठ्या पाळण्यांचं सामान उतरत होतं आणि रिक्षावाले नेहमीपेक्षा लांबून वळसा घालत होते. घरापासून शेअर रिक्षाला वीस रुपये झाले. पूर्ण सकाळीत माझा तेवढाच खर्च.

ही चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते. केंद्राचं नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पण तोंडात सगळ्यांच्या आयसीटीसी. सोलापुरात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात आहे, म्हणजे आपलं सिव्हिल. जिल्ह्यातल्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही अशी केंद्रं असतात. आपल्या गावच्या, आपल्या तालुक्याच्याच केंद्रात जायला हवं असा नियम नाही. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून सोलापूरकर पंढरपूरला जाऊ शकतो, पंढरपूरकर सोलापूरला येऊ शकतो. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे, तिथं नाव न सांगता विचारता येतं.

फाटकातून आत गेल्यावर ‘एचआयव्हीची तपासणी कुठं होते?’ असं मोठ्यानं विचारायची गरज नाही. ‘आयसीटीसी कुठं आहे?’ एवढं पुरतं. शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना कळतं आणि रांगेतल्या बाकीच्यांना त्यातून काही समजत नाही. केसपेपरच्या रांगेत लागण्याआधी थेट त्या खोलीशी जाऊन विचारा, म्हणजे दोनदा रांग होत नाही. सकाळी जरा लवकर पोहोचलात तर रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी हातात येतो. दुपारी बाराला गेलात तर रक्त घेतील, पण रिपोर्टला दुसऱ्या दिवशी यावं लागण्याची शक्यता जास्त. उपाशीपोटी जायचं काही कारण नाही. उलट चहा-नाश्ता करून जा, रक्त बघून काहींना गरगरतं.

बाहेरच्या बाकावर बसताना मान खाली होती. पण बघितलं तर शेजारी सातव्या महिन्यातली एक बाई सासूबरोबर तेलुगूत बोलत बसलेली, पलीकडे टीबीच्या औषधांची पिशवी मांडीवर घेतलेले आजोबा. गरोदर बायकांची आणि टीबीच्या रुग्णांचीही ही चाचणी केली जाते. त्यामुळे त्या बाकावर बसलेल्या माणसाबद्दल बघणाऱ्याला काहीही कळत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर दारावरून दोनदा परत फिरलो नसतो.

आत काउन्सिलर मॅडम. “बसा दादा,” म्हणाल्या आणि उठून दार लावून घेतलं. पुढची पंधरा मिनिटं म्हणजे चाचणीपूर्व समुपदेशन. नाव, वय, पत्ता, फोन, काम, लग्न झालंय का. मग मूळ प्रश्न: धोका कशामुळे वाटतो, शेवटचा प्रसंग कधीचा, कंडोम होता का, कधी रक्त चढवलं आहे का, कुणाची वापरलेली सुई वापरली आहे का. मग टीबीचे चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. गुप्तरोगाची लक्षणं, म्हणजे जखम, स्राव, लघवीला आग. त्याच रक्तातून सिफिलिसचीही तपासणी करून घ्यायची का, हे विचारतात. हो म्हणा, दोन्ही आजार लागण्याचा मार्ग तोच आहे.

उत्तरं देताना लाज वाटते. तरीही एक उत्तर अगदी नेमकं द्या, शेवटच्या प्रसंगाची तारीख. “महिनाभर झाला असेल” असं म्हणू नका. घरून निघण्याआधी कॅलेंडर बघून दिवस मोजा आणि चिठ्ठीवर लिहून न्या. माझी तारीख ऐकून मॅडमनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “आज करू, पण आजचा रिपोर्ट २४ डिसेंबरबद्दल काही सांगणार नाही. त्याच्या आधीचं सांगेल.”

याला विंडो पिरियड म्हणतात. केंद्रातल्या रॅपिड किटमध्ये विषाणू शोधत नाहीत, शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. ती मोजण्याइतकी तयार व्हायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात, प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे. मोठ्या लॅबमध्ये मशीनवर होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी२४ नावाचं प्रथिनही पकडते. म्हणून ती लवकर बोलते, १८ ते ४५ दिवसांत. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी आणखी आधी, १० ते ३३ दिवसांत, पण ती महाग असते आणि पहिल्या तपासणीसाठी सहसा करत नाहीत. सोळाव्या दिवशी रॅपिड करून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणून निश्चिंत होणारे बरेच असतात. ही माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत घातक चूक. रिपोर्ट खोटा नसतो, त्याला प्रश्नच चुकीच्या तारखेला विचारलेला असतो.

मग संमतीपत्र. वाचून सही करायची, वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि त्याचा निकाल त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी ही चाचणी सक्तीची करणंही त्यात बसत नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते.

सही झाल्यावर एक क्रमांक मिळतो, पीआयडी. तो नळीवर, रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टवर सारखाच असायला हवा. टेक्निशियननं कोपराच्या आतल्या शिरेतून साधारण पाच मिली रक्त घेतलं, चहाच्या चमचाभर. सुई काढली की कापूस दाबून हात सरळ ठेवा, वाकवलात तर दुसऱ्या दिवशी निळं होतं. उठण्याआधी नळीवरचा क्रमांक आपल्या चिठ्ठीशी जुळतो का, हे बघा. बघू देतात, त्यात कुणाला राग येत नाही.

आत काय चालतं ते बाहेर बसून दिसत नाही, म्हणून सांगतो. नळीतलं रक्त गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वर फिकट पिवळं पाणी राहतं, ते सीरम. बोटाच्या पेराएवढ्या खिडकीच्या प्लास्टिकच्या पट्टीवर सीरमचा थेंब, त्यावर बफर नावाच्या द्रवाचे थेंब, आणि किटवर दिलेला वेळ, बहुधा पंधरा-वीस मिनिटं. पट्टीवर ‘सी’ अक्षरासमोर गुलाबी रेघ उमटायलाच हवी. ती किट नीट चालल्याची खूण. ती नाही आली तर चाचणी बाद, नव्या किटवर पुन्हा. ‘सी’ची एकच रेघ म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, प्रतिपिंडं सापडली नाहीत. शेजारी दुसरीही उमटली तर रिॲक्टिव्ह, मग ती रेघ कितीही फिकट असो. वेळ उलटून गेल्यावर मात्र पट्टी वाचायची नसते, वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते.

पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं म्हणजे माणूस पॉझिटिव्ह ठरत नाही. हे दोनदा वाचा. पहिलं किट मुद्दाम असं निवडतात की खरा एकही सुटू नये. त्यामुळे ते कधीकधी नसलेलंही दाखवतं, इतर आजारांत किंवा गरोदरपणात तयार झालेली प्रतिपिंडंही त्याला फसवतात. म्हणून त्याच नमुन्यावर दुसरं आणि तिसरं किट लावतात, वेगळ्या बनावटीची. तिन्ही रिॲक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह असा रिपोर्ट निघतो. किटांचं आपसात जुळलं नाही आणि निकाल अनिश्चित आला, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोट टोचून एकच किट लावतात. ती फक्त चाळणी, तिथं रिॲक्टिव्ह आलं तर पक्कं करायला आयसीटीसीलाच यावं लागतं.

बाहेरचे पावणेदोन तास सगळ्यात लांब. मोबाइलवर लक्षणं शोधू नका. संसर्ग झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसा, अंगावर पुरळ असं होतं, काहींना काहीच होत नाही, आणि जानेवारीत सोलापुरात घसा कुणाचा दुखत नसतो? लक्षणांवरून हो किंवा नाही काहीच ठरत नाही.

रिपोर्ट खिडकीतून देत नाहीत. पुन्हा त्याच खोलीत, दार लावून, ज्याचा त्याच्याच हातात. नातेवाइकाला पाठवलं तर मिळत नाही, फोनवर सांगत नाहीत. कागदावर पीआयडी, रक्त घेतल्याची तारीख, किटांची नावं, निकाल, सह्या. माझा नॉन-रिॲक्टिव्ह होता. मॅडमनी कोपऱ्यात पुढची तारीख घातली आणि तोवरचे तीन नियम सांगितले. प्रत्येक वेळी कंडोम. रक्तदान नाही. मध्ये नवा प्रसंग घडला तर दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे.

रक्तदानाचं थोडं जास्त बोलायला हवं. ‘शिबिरात रक्त देऊ, ते तपासतातच, काही असेल तर कळवतील’ हा विचार सर्रास ऐकायला मिळतो. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासतात हे खरं. पण विंडो पिरियडमधली पिशवी त्या तपासणीतूनही सुटू शकते आणि ती ज्याला चढेल त्याला आजार जाईल. चाचणी फुकट मिळावी म्हणून रक्तदान कधीही करू नका. चाचणी अशीही फुकटच आहे.

दुसरी खेप ९ फेब्रुवारीला, सत्तेचाळिसाव्या दिवशी. मुद्दाम ४५ दिवस उलटू दिले आणि त्या दिवशी दोन्ही केल्या: सकाळी केंद्रात रॅपिड, नंतर खाजगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची. खाजगीचे साडेपाचशे रुपये झाले, दर लॅबगणिक बदलतात. तिथं ‘एचआयव्ही टेस्ट’ एवढंच म्हणू नका. ‘चौथ्या पिढीची आहे का, पी२४ सकट, आणि शिरेतलं रक्त घेऊन मशीनवर करता का?’ असं विचारा. बऱ्याच छोट्या लॅब केंद्रासारखंच रॅपिड किट वापरतात आणि पैसे घेतात. मग ते कशाला?

तिथं दोन गोष्टी खटकल्या. काउंटरवरच्या मुलीनं चार माणसांत चाचणीचं नाव मोठ्यानं उच्चारलं आणि संमतीचा कागद पुढं आलाच नाही. मागितला तेव्हा मिळाला. तुम्हीही मागा. चाचणीचं नाव कागदावर लिहून काउंटरवर सरकवलं तर उच्चारण्याचा प्रश्नच येत नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू का, असं विचारतात. घरात फोन सगळे हाताळत असतील तर नाही म्हणा आणि स्वतः जाऊन घ्या.

त्या रिपोर्टवर एक आकडा होता, ०.१८, आणि खाली बारीक अक्षरात मर्यादा १.००. हा आकडा बघून रात्र काढणारे असतील, म्हणून लिहितो. ०.१८ म्हणजे थोडासा एचआयव्ही नव्हे. मशीननं मोजलेल्या संकेताला ठरलेल्या मर्यादेनं भागून आलेलं ते गुणोत्तर आहे. एकच्या खाली असेल तर नॉन-रिॲक्टिव्ह, मग तो ०.०५ असो की ०.४. मागच्या वेळी ०.१० होता आणि आता ०.१८ झाला, म्हणजे वाढतोय, असंही नसतं. आणि एकच्या वर गेला तरी तो अंतिम निकाल नव्हे, आयसीटीसीत जाऊन तिन्ही किटांवर पक्कं करून घ्यायचं. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं जिथं मिळतात तिथं, नाव नोंदवायलाही तोच रिपोर्ट लागतो.

दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह आल्या. चौथ्या पिढीची ४५ दिवसांनंतरची चाचणी जवळजवळ शेवटचा शब्द मानतात आणि त्या रात्री झोप लागली. तरी केंद्राच्या हिशेबानं तीन महिन्यांची खेप बाकी होती. ज्यांनी पीईपी घेतलं आहे त्यांनी तर ती टाळूच नये, औषधांमुळे प्रतिपिंडं उशिरा तयार होऊ शकतात. त्यांना दीड महिना, तीन महिने आणि सहा महिने अशा तारखा मिळतात.

तिसरी खेप २४ मार्चला, मंगळवारी. नव्वदावा दिवस. पाडवा होऊन गेलेला, ऊन चढलेलं. सकाळी साडेनऊलाच बाकावर मी चौथा होतो. जुने रिपोर्ट आणि पीआयडी बरोबर नेले तर नाव-पत्त्यापासून पुन्हा सांगावं लागत नाही. या वेळी प्रश्न कमी झाले, म्हणून मीच विचारलं, “आज पॉझिटिव्ह आलं तर पुढं काय?”

मॅडमनी घाई न करता सांगितलं. त्याच दिवशी एआरटी केंद्राची चिठ्ठी, सिव्हिलच्या आवारातच ते आहे. तिथं नोंदणी, टीबीची चौकशी, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, आणि बाकीचे रक्त तपास. सीडी४ कितीही असो, औषध सुरू करतात. २०१७ पासून तसंच धोरण आहे, आकडा खाली यायची वाट बघत नाहीत. बहुतेक मोठ्यांना रोज एक गोळी, तीन औषधांची मिळून एक. भारतात एआरटी २००४ पासून सरकारी केंद्रात मोफत आहे. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघतात. विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि गोळी चालू राहिली, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदर बाईनं गोळ्या वेळेत सुरू केल्या तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि अठराव्या महिन्यात पक्की होते. आणि जोडीदाराची चाचणी. ती कशी सुचवायची, घरी कसं बोलायचं, यातही त्या मदत करतात, हवं तर दोघांना समोर बसवून.

हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पुढचा रस्ता माहीत नसतो म्हणून बाकावरचे तास इतके जड जातात.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आत बोलावलं. रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह. सिफिलिसचाही तसाच. मॅडमनी कंडोमची पाकिटं पुढं केली आणि म्हणाल्या, पुन्हा प्रसंग आला तर ७२ तास लक्षात ठेवा. मग रजिस्टर ओढून माझी ओळ शोधली आणि ‘पुढील तारीख’च्या रकान्यात पेननं आडवी रेघ मारली.